ड्रायरचं सॉकेट

९ फेब्रुवारी

— शेवटचा स्क्रू आवळला, पक्कड खाली ठेवली आणि म्हणालो, "पातेल्यातली तापवायची कॉइल पाण्यात बुडल्याशिवाय कधीही चालू करायची नाही. लिहून घे."

डेल्मारनं लिहून घेतलं नाही. माझा मेहुणा लिहून घेत नाही.

त्यांच्या बिअरच्या पातेल्यासाठी केलेली विजेची पेटी चांगली झाली आहे. दोनशे चाळीस व्होल्ट, दोन दिवे, तापमानाचा आकडा, समोर लाल बटण. हिरवी अर्थिंगची तार पातेल्यापर्यंत नेली आहे. भिंतीवर तिच्यासाठी वेगळी लाइन, आणि त्या लाइनवर गळतीचा ब्रेकर: वीज केसभर जरी वाट चुकली तरी तो पडतो. चाचणीचं बटण दाबून दाखवलं. खट्! अंधार. माझी बहीण आयली दचकली. डेल्मार म्हणाला, "इतकी नाजूक? ही पेटी आहे की नवी नवरी?"

आयली हसली. मी हसलो नाही.

१४ फेब्रुवारी

तळ्यावर घरगुती बिअरची स्पर्धा असते, तिच्यासाठीची बिअर आज शिजायची होती. उकळी यायच्या आत ब्रेकर पडला. चढवला, पुन्हा पडला. डेल्मारचा फोन: "तुझी पेटी शिंकते आहे, ये."

बर्फातून गेलो. पेटी ठीक. कॉइल सुटी करून मोजली — आत पाणी शिरलंय. तापली की वीज पातेल्यात उतरते. म्हणून तर ब्रेकर पडतो! त्याचं कामच ते.

"नवी कॉइल येईपर्यंत हात लावायचा नाही."

"बरं," डेल्मार म्हणाला. आयली भिजवलेल्या माल्टकडे, बिअरसाठीच्या मोडाच्या जवाकडे, बघत होती. दोन बादल्या. फेकून द्याव्या लागल्या.

१५ फेब्रुवारी

डेल्मारनं घरी बिअर करणाऱ्यांच्या मंडळात सगळ्यांना सांगितलं: "मेहुण्यानं नवरी दिली, पण हात लावला की रुसते." हसले म्हणे सगळे. मंडळातल्या लायलनं मुद्दाम फोन करून मला ऐकवलं. हसा! वीज दिसत नाही म्हणून हसता येतं.

१९ फेब्रुवारी

आयलीचा फोन. इकडचं तिकडचं. मग सहज: "या थंडीत नळाला हात लावला तरी मुंग्या येतात, तुझ्याकडे येतात का रे?"

कुठला नळ?

"तळघरातला. पातेल्याशेजारचा. स्टीलच्या डावानं ढवळताना."

पातेलं चालू आहे?

ती म्हणाली, "झालं बाबा शिजवून. छान झालीय."

कॉइल तर अजून आलेली नाही.

२० फेब्रुवारी

संध्याकाळी न सांगता गेलो. तळघरात मंडळाचे चौघे अजून आंबत असलेल्या बिअरची चव घ्यायला जमलेले, लायल धरून. दोरीवर ओल्या चादरी. त्या बाजूला सारल्या आणि दिसलं.

माझ्या पेटीचा प्लग माझ्या लाइनवर नव्हताच. कपडे वाळवायचा ड्रायर भिंतीपासून ओढून ठेवलेला आणि पेटी ड्रायरच्या जुन्या सॉकेटमध्ये, दुकानातला जोडतुकडा लावून. तीन छिद्रांचं जुनं सॉकेट: दोन विजेच्या तारा, एक न्यूट्रल, बस्स. तिथं अर्थिंग नाही. गळतीचा ब्रेकर नाही. पातेल्यात उतरलेल्या विजेला जायला एकच वाट उरली होती: एका हातात डाव, दुसरा नळावर, मधे माझी बहीण.

"हे कोणी केलं?"

डेल्मार: "मी."

मग मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. मूर्ख म्हणालो. "एका पिंपासाठी बायको मारशील!" असं म्हणालो. त्याच्या बापालाही मधे आणलं. लायल खाली बघत होता. आयली "अरे, ऐक तरी" म्हणाली, तिलाही म्हणालो, तू मधे बोलू नकोस, तुला यातलं काही कळत नाही.

डेल्मार भिंतीला टेकून उभा. एकदाच म्हणाला, "झालं? की अजून आहे?"

अजून होतं. मेन बंद केला, प्लग उपसला आणि पक्कडीनं वायर कापली. पेटी उचलून घरी आणली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली आहे. जेवण गेलं नाही. त्या माणसाचं तोंड बघायचं नाही. कधीच.

२१ फेब्रुवारी

सकाळी आयली दारात. हातात नव्या कॉइलचा खोका.

"ड्रायर मी ओढला. प्लग मी लावला. तो कामावर होता, आणि मला दुसऱ्यांदा माल्ट फेकायचा नव्हता. बिअर मीच करते, तीन वर्षं झाली. तो फक्त चव बघतो आणि फुशारक्या मारतो. काल तू यायच्या जरा आधी तो घरी आला, सॉकेट पाहिलं आणि पांढरा पडला."

मग तो 'मी' का म्हणाला?

"म्हणाला, ओरडायचंच आहे तर माझ्यावर ओरडू दे. तू मला कसं बोलतोस, ते त्यानं लग्नापासून ऐकलंय."

खोका तिनं पेटीशेजारी ठेवला.

"आता दाखव कशी बसवायची. न ओरडता."

खाली रस्त्यावर डेल्मारची गाडी होती, इंजिन चालू. तो आत बसला होता. मी कोट घातला आणि खाली गेलो.