निसर्गाचे मोजे

गार्थ यास,

आशीर्वाद शेवटी देईन, तोवर राग उतरला तर.

आपल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या ज्युनियर आइस हॉकी लीगचा तू लिहिलेला इतिहास माझ्या नातीने, डार्सीने, मला वाचून दाखवला. मला लिहिता-वाचता येत नाही. हे पत्रही तीच लिहिते आहे. बाराव्या पानावर तू म्हणतोस, 'पहिली पंधरा वर्षे आमच्या गावाला बर्फ निसर्गाच्या कृपेने मिळाला.'

निसर्ग माझ्याच घरात राहत होता रे. ओरेस्ट म्हणायचे त्याला. खेळ संपला की माझा नवरा गरम पाण्याचं पिंप घसरगाडीवर ओढायचा, मागे ओलं गोणपाट फरफटत, म्हणजे बर्फ काचेसारखा बसायचा. त्या निसर्गाचे मोजे मी चुलीवर वाळवले. एका जानेवारीत मोज्यातून पायाची दोन बोटं थंडीने गोठून काळी निघाली. तू तेव्हा सोळा वर्षांचा, आमच्याच घरी राहून खेळायचास. "काकू, अजून एक पिरोगी," म्हणत समोरच त्या बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या खात बसला होतास.

पुस्तकाच्या शेवटी दिलेली नावांची यादी डार्सीने तीनदा वाचली. तुझं नाव एकेचाळीस ठिकाणी आहे. ओरेस्टचं एकाही नाही. (हे असंच लिही गं, गोड करू नकोस.)

ती विचारते, "आजी, पोस्टात टाकू?" नको म्हटलं. शनिवारी लीगच्या समारंभात दोनशे माणसांच्या पिरोगी करायला तूच मला बोलावलं आहेस. आधी डार्सी हे सगळ्यांसमोर वाचेल. मग तू उभा राहून बारावं पान दुरुस्त करशील. मग मी पातेल्याचं झाकण काढीन.

आशीर्वादही तेव्हाच.

परास्का काकू