डुएनच्या विमानातल्या नळीबाबत

लिहून ठेवणार : लेलँड प्रुइट, वय ५३, धंदा लहान विमानांची उपकरणं बदलून देणे, राहणार पामर, अलास्का. फुप्फुसं कामातून गेली आहेत, डोकं शाबूत आहे. उलट असतं तर हा कागद लिहावा लागला नसता. कोणाचीही बळजबरी नाही. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. हँगरमधली सगळी हत्यारं वेस टिमन्सला द्यावीत. तो प्रत्येक काम दोनदा तपासतो, म्हणून वीस वर्षं मी त्याला 'स्क्रू मोजणारी म्हातारी' म्हणत आलो. शब्द मागे घेतो. माझी गिऱ्हाइकं त्याने फितवली, ते मात्र विसरलेलो नाही.

२. घर बहिणीला, आयरीनला. तिच्या नवऱ्याने नेलेली माझी होडी आता त्याचीच, भोकासकट.

३. माझं सेसना विमान माझा मित्र कै. डुएन हॅगस्ट्रॉम याची मुलगी ब्रिटा हिला द्यावं. वेसने तपासल्याशिवाय तिने ते उडवू नये. विमानाच्या वहीतली माझी सही पुरावा मानू नये. का, ते पुढे.

४. तीन वर्षांपूर्वी, ऑगस्टअखेर, डुएनच्या विमानातल्या जुन्या काट्यांच्या तबकड्या काढून मी टीव्हीसारखे काचेचे पडदे बसवले. उंची दाखवणाऱ्या उपकरणाला बाहेरच्या हवेचा दाब एका बारीक नळीतून मिळतो. ती सोडून पुन्हा जोडली की गळती तपासायची, मगच वहीत नोंद करायची. मूसच्या, म्हणजे इथल्या थोराड हरणांच्या, शिकारीचा हंगाम तोंडावर, बाहेर पाच विमानं रांगेत, आणि डुएन दारात.

"सही कर रे बाबा. मूस काय तुझ्या नळीसाठी थांबणारेत?"

मी 'तपासले' असं लिहून सही केली. तपासलं नव्हतं.

सहाव्या दिवशी ढगात तो खिंडीतल्या झाडांवर आदळला. नळी सुटली तर उपकरण उंची जास्त दाखवू शकतं. सुटली होती का, हे जळक्या अवशेषांवरून कोणालाच सांगता आलं नाही. मलाही ठाऊक नाही. चौकशीत वैमानिकाची चूक ठरली. मग 'डुएन डोंगर सोडून टीव्ही बघत होता' हा विनोद गावभर फिरला. तो माझा. ब्रिटाने तो बापाला पुरल्यानंतरच्या जेवणात ऐकला.

५. कलम चारची प्रत मी उद्याच चौकशी कार्यालयाला पाठवतो आहे.

६. डुएनच्या बायकोला, मार्लिसला, काहीही ठेवलेलं नाही. साक्षीदाराला वारसा देऊ नये असं वकील म्हणाला, आणि मला साक्षीदार तीच हवी. तिने हे माझ्यासमोर बसून वाचावं. मेल्यावर कबुली द्यायला हिंमत लागत नाही.

पामर, ११ ऑक्टोबर २०२२
सही : लेलँड प्रुइट
साक्षीदार १ : लॉइस केटनर, शेजारीण

साक्षीदार २ : मार्लिसने दोनदा वाचलं. कागद माझ्याकडे सरकवून म्हणाली, "हे ब्रिटाला तू तोंडाने सांगायचंस, लेलँड. मग सही." ब्रिटा शनिवारी येते आहे. तोवर ही जागा रिकामी.