आषाढातली मंगळागौर

५ जुलै, शनिवार

माझं वेबपान सुरू झालं एकदाचं! बटण दाबा, मराठीत बोला — "माझी मंगळागौर आहे, पत्री हवी" — की एआय तारीख लावतं, पत्ता विचारतं, ऑर्डर घेतं. दिल्लीत फुलवाल्याकडे आघाडा मागितला की तो तोंडाकडे बघत राहतो. नव्या नवरीने सोळा पत्री आणायच्या कुठून?

नवरा, हरीश, म्हणतो, "विनया, दिल्लीत अशा नव्या नवऱ्या असून असून किती असतील यार?" शुभ बोल रे नाऱ्या!

जुन्या ऑफिसातून अंशुमन सरांचा फोन. परत ये म्हणतात. पंचवीस तारखेपर्यंत हो-नाही कळवायचं. मला नाही जायचं पुन्हा गुरुग्रामला! पण निदान एक तरी गिऱ्हाईक हवं.

१० जुलै, गुरुवार

आलं! गुरुग्रामची पूर्वी नावाची मुलगी. नवं लग्न, दिल्लीतच वाढलेली. पानाने श्रावणातला पहिला मंगळवार लावून दिला, ती लगेच "बिल्कुल!" म्हणाली. सासूबाई पुण्याहून आल्यात, त्यांना सरप्राइज द्यायचंय.

१५ जुलै, मंगळवार

मेले!

नर्सऱ्या पालथ्या घालून सोळाच्या सोळा पत्री जमवल्या. मयूर विहारहून कॅबने घेऊन गेले. दारात पूर्वी — नऊवारी, नथ, सगळा थाट. मागून सासूबाई — "अगं, हे काय? अजून आषाढ चाललाय! दिव्याची अवस तरी होऊ द्या!"

एआयने दिल्लीचं पंचांग उचललं होतं. इथला सावन पौर्णिमा झाली की लागतो, आपला श्रावण अमावास्येनंतर. मला हे ठाऊक होतं! तरी तपासलं नाही. गाढव मी! सासूबाई हसल्या म्हणून वाचले. परतताना कॅबमध्ये रडले मात्र भरपूर.

१६ जुलै, बुधवार

हरीश — "पहिल्याच घासाला खडा." बहुतेक अंशुमन सरांना हो म्हणेन.

१९ जुलै, शनिवार

पूर्वीचा फोन. वाटलं, आता ऐकवणार. तर हसतेय! तिने हा घोळ ऑफिसात सांगितला, तशी शेजारच्या टेबलावरची सिरिशा उडालीच. तेलुगू, सासर लक्ष्मीबाई नगरात. तिच्याकडेही मंगळागौर असते म्हणे, लग्नानंतर पाच वर्षं! आणि श्रावणही आपल्यासारखाच, अमावास्येनंतर. इथल्या कॅलेंडरपायी तिचाही दरवर्षी गोंधळ.

"दीदी, ये सिर्फ मराठी में क्यों है?" सिरिशाने फोन घेऊनच विचारलं.

खरंच, का? हे माझ्या डोक्यात कसं नाही आलं!

२२ जुलै, मंगळवार

पंचांग बदललं. पानावर तेलुगू चालू केलं. सिरिशाच्या सासूबाई बोलल्या आणि पानाला कळलं! आता येत्या मंगळवारी दोन घरी पत्री — त्यांच्याकडे, आणि पूर्वीकडे नव्याने. हरीश म्हणतो, गाडी मी चालवतो. नाऱ्या शुभ बोलला!

२५ जुलै, शुक्रवार

आज आपला श्रावण लागला. अंशुमन सरांना फोन केला. सरळ नाही म्हटलं. काय करतेय तेही सांगितलं, आषाढातल्या मंगळागौरीसकट.

ते म्हणाले — "अच्छा, एक बात बताओ. हम गुजराती हैं. मम्मी हर साल लड़ती हैं कि ये दिल्लीवालों का सावन हमारा नहीं. तुम्हारा पेज गुजराती समझता है?"

म्हटलं, शाम तक समझेगा!