खोलीला खिडकी होती का

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या इंग्रजी आठवणींचं पोर्तुगीज भाषांतर एकशे नव्वदाव्या पानापर्यंत आलं. पाठ धरली आहे, बाकी ठीक. प्रकाशनाच्या संपादकबाई भलत्या चौकस. त्यांनी विसंगतींची यादी पाठवली आणि मी ओशाळले, कारण त्या मलाही दिसल्या होत्या आणि मी गप्प बसले होते. चाळिसाव्या पानावर आई रुग्णालयाच्या खिडकीतून झाड बघते. एकशे ऐंशीव्या पानावर त्याच खोलीला खिडकी नाही. मंगळवारी चार वाजता तू तिच्या उशाशी बसून चमच्याने पाणी पाजतोस, आणि त्याच मंगळवारी चार वाजता हजार मैलांवर वर्गात शिकवतोस. यातलं काय ठेवू?

वहिनीला नमस्कार. रागावू नकोस.

तुझी,
बारकी

१४ मार्च

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी मी गोष्ट सांगायला लागलो की तू अडवायचीस, राक्षस कालच मेला ना, मग आज जेवतो कसा म्हणून. चाळिशी उलटली तरी खोड जात नाही! इंग्रजीत एवढ्या लोकांनी वाचलं, रडले; खिडक्या कोणी मोजल्या नाहीत. आणि बाईसाहेब, खिडकी तुमच्याच पत्रातली आहे, बिनखिडकीची खोलीही तुमच्याच. आईच्या आजारपणातली तुझी दोन्ही पत्रं समोर आहेत. तुला योग्य वाटेल तशी भोकं बुजव, माझी हरकत नाही.

वहिनी म्हणते, पाठ शेकत जा.

तुझा,
दादा

२९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

खिडकी मीच लिहिली. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून. आईला दिसायची ती समोरची भिंत आणि भिंतीवरचं घड्याळ. महिन्याभराने न राहवून खरं लिहिलं, तोवर तू निवांत झाला होतास. तू आला नाहीस ते तुझ्या वर्गांमुळे की माझ्या खिडकीमुळे, हे मला अजून ठरवता येत नाही.

भोकं बुजवली. फारशी खटपट करावी लागली नाही. एका माणसाला त्या खोलीतून बाहेर काढलं की सगळं जुळतं. पोर्तुगीजमध्ये चमचा बहिणीच्या हातात आहे, खिडकी तिच्या पत्रात आणि तू वर्गात. बाकी सगळं तू लिहिलंस तसंच आहे. बाईंना पटलं. तरी तुझ्या होकाराशिवाय छापू नका, असं मी त्यांना कळवलं आहे.

जेवढा जीव लावत होतास तेवढा अजून लावत असशील, तर उत्तर दे.

बारकी

९ एप्रिल

चि. बारकीस,
आशीर्वाद.

छापू दे. इंग्रजी मात्र बदलणार नाही. तिथे मी आईजवळ होतो. तेवढं मला असू दे.

तुझी पत्रं पुन्हा काढली. एका पत्रात आई शेवटपर्यंत माझं नाव घेत होती. दुसऱ्यात, शेवटचे आठ दिवस ती कोणालाच ओळखत नव्हती. मी पुस्तकात पहिलं घेतलं. बाईंच्या यादीत हे नाही. तुझ्या नजरेतून ते सुटलं असेल, असं मला वाटत नाही. तरी पोर्तुगीजमध्येही तू ते तसंच ठेवलंस.

खरं कुठलं, ते कळव. पुस्तकासाठी नको.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

दादा