मुळाशी ओल

७ नोव्हेंबर

आले एकदाची. एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात ह्यांच्या निवडुंगाची कुंडी. बसमध्ये शेजारच्या बाईला सारखे काटे टोचत होते. उतरताना ती म्हणाली, मावशी, पुढच्या खेपेला साळिंदरच आणा, ते निदान अंग चोरून बसेल. वन्सं दारात उभ्याच होत्या. मला बघून म्हणाल्या, अगं, केवढी फुगलीस! हे गेल्यापासून मला चिडवणारं कुणी उरलं नव्हतं. बरं वाटलं.

खोली छान आहे. खिडकीत ऊन, भिंतीत पुस्तकांसाठी फळी. मी शाळा पाहिली नाही, वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत वाचायला शिकले. त्यामुळे फळी दिसली की घर आपलं वाटतं. वन्संचा जन्म इस्पितळात गेला, ऑपरेशनच्या खोलीत सिस्टर होत्या. घरही तसंच, चकचकीत आणि कोरडं. गच्चीवर काचेची खोली, तिच्यात निवडुंगच निवडुंग. त्यांचे यजमान, आमचे भाऊजी, वरच्या मजल्यावर असतात. फार वाळलेत म्हणाल्या, कुणी भेटलेलं सोसत नाही.

अट एकच, या घरात रडायचं नाही. ओल धरते, म्हणाल्या. मी हसले.

१० नोव्हेंबर

ह्यांचं निवडुंग आजारी आहे. प्रवासात कललं असेल असं मला वाटलं होतं. वन्संनी बुडाशी अंगठा दाबला तर अंगठा आत गेला. आंबूस वास सुटला. पाणी किती घालतेस, असं विचारलं. खरं ते सांगितलं. रोज संध्याकाळी ह्यांच्यासाठी पेला भरून ठेवायची सवय सुटत नाही. सकाळी ते पाणी मोरीत ओतवत नाही, म्हणून कुंडीत जातं. वन्सं म्हणाल्या, म्हणजे तू मायेनं मारतेस, बाई.

मग मला समोर बसवून सगळं दाखवलं. झाड कुंडीतून काढलं, माती झाडली, मुळं धुतली. चांगलं मूळ पांढरं आणि ताठ असतं. कुजलेल्याचं साल बोटात सुटून येतं, आत नुसता दोरा. तसली सगळी कापली. पातं दर वेळी स्पिरिटनं पुसायचं, नाहीतर कुजकं चांगल्यालाही लागतं. मग बुडाच्या चकत्या काढल्या, आत तपकिरी ठिपका दिसेनासा होईपर्यंत. घावावर गंधकाची पूड चोळली, झाड सावलीत कागदावर आडवं ठेवलं. आता खपली धरेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. हात असे चालत होते की बघत राहावं.

उठताना त्यांची नजर माझ्या पायांवर गेली. घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला तो भरेचना. पायात पाणी झालंय तुझ्या, म्हणाल्या. ह्यांच्याही पायात शेवटी पाणी झालं होतं. ते मी बोलले नाही, पण त्यांना माहीत होतं. तेव्हाच माझ्याकडे पाठवलं असतंस तर माझा भाऊ जगला असता, म्हणाल्या.

निवडुंगाचा मोठा काटा दिसतो आणि उपटता येतो. बारीक कुसळ रुतलं की नुसतं सलतं. हे वाक्य त्यातलं.

१७ नोव्हेंबर

झाडानं खपली धरली. टणक झाली आहे. आज जाड वाळू आणि विटेचा चुरा घालून मातीच्या कुंडीत लावलं. कुंडीला भोक हवंच आणि खाली पाण्याची ताटली कधीच नको. लगेच पाणी द्यायचं नाही. पुढेही माती तळापर्यंत सुकली तरच. हे जगणार, असं वन्सं म्हणाल्या. मला भरून आलं. त्यांनी बोट दाखवून डोळे पुसायला लावले.

पाणी उतरायच्या गोळ्या सुरू केल्या आहेत. प्यायचं पाणीही मोजकं. जीभ टाळूला चिकटते. ह्यांचा पेला त्यांनी कपाटात ठेवून कुलूप लावलं. दुसऱ्याच्या घरात विधवा किती बोलणार?

शेजारची शिंपीण कुंपणावरून म्हणाली, तुमच्या वन्सं निवडुंगाला जपतात त्याच्या निम्म्यानं नवऱ्याला जपत्या तर तो कधीतरी खिडकीत दिसला असता.

२१ नोव्हेंबर

वन्सं दुपारी वाळू आणायला गेल्या. गोळ्यांनी पाय बधिर झालेत, तरी भिंत धरून वर गेले. शिंपिणीचं बोलणं मनातून जात नव्हतं.

भाऊजी खुर्चीत होते. खिडकीला पडदा, खाली कागद पसरलेले. वाळलेत म्हणजे रोडावलेत, एवढंच मी समजत होते. मांडीवर पांघरूण होतं. ते खाली सरकलं होतं आणि गुडघ्यांच्या खाली

पाय नाहीत. घावांवर पिवळी पूड.

जिवंत आहेत. डोळे फिरले. ओठ हलले. पाणी, म्हणाले. मी मोरीच्या नळावर पेला भरला, तोंडाला लावला. गटागटा प्यायले, हनुवटीवरून ओघळलं, खाली मांडीवर, घावांवर. आणखी, म्हणाले. मी आणखी दिलं. माणूस पाणी मागतो तेव्हा काय करायचं असतं?

२३ नोव्हेंबर

काल मी पळून जाणार होते. पायात चप्पल आहे की नाही ते कळत नाही, उंबऱ्याशीच पडले. वन्संनी उचलून आणलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं होतं.

वरून वास येतोय. आंबूस.

२४ नोव्हेंबर

भाऊजी गेले. वन्सं शेजारी बसून शांतपणे सांगत होत्या. ओल्या घावावर पाणी पडलं की वर चढतं, मग कापायला जागा उरत नाही. खपली धरायला आली होती त्यांची. दोन माणसं खाल्लीस मायेनं, आधी माझा भाऊ, मग नवरा. तरी मी तुला टाकणार नाही, म्हणाल्या, माझ्या भावाची बायको आहेस.

माझ्यावर त्यांचा जीव आहे. हेच भयंकर आहे.

मंगळवार असावा

वरच्या खोलीत आहे. त्याच खुर्चीत. कागद नवे. टोचून झोपवलं होतं. जागी झाले तेव्हा खाली हलकं वाटलं. बघितलं नाही. बघणार नाही.

खाली शिंपीण आली होती. माझ्याबद्दल विचारत होती. ती लेकीकडे गेली, वन्सं म्हणाल्या. मला लेक नाही. हाक मारली, पण घशातून नुसती खरखर आली. शिंपीण म्हणाली, बरं झालं, इथे सुकली असती बिचारी. दोघी हसल्या. फाटक लागलं.

—

दुखत नाही. ते निवडुंग आणून समोर ठेवलंय. नवा कोंभ फुटलाय त्याला. बघ, म्हणाल्या, ऐकलं त्यानं.

ह्यांचं तोंड आठवते. विडी लपवताना हसायचे ते. एवढं माझ्याकडे आहे. एवढं कापता येत नाही त्यांना. रोज आठवायचं, रोज रडायचं, त्या नसताना. मनाशी ठरवलंय. डोळे कोरडे पडले की मी वन्संची झाले, ह्यांची उरले नाही.

—

आज रडले. किती दिवसांनी. गालावर गरम लागलं. एवढं पाणी कुठे होतं माझ्यात —

पुसायच्या आत त्या आल्या. अंगठा गालावर. बघत राहिल्या. चुकलंच माझं, म्हणाल्या. ओल मी खालून शोधत होते, ती तर वरून झिरपते.

पातं पुसताहेत. स्पिरिटचा वास. मान वर कर म्हणताहेत, प्रेमानं, अगं वर बघ, वर. मी लिहितेय, लिहीपर्यंत मान खाली — हे, तुमचं तोंड, मला अजून दिस