टोळी हा शब्द

शिरूर, १४ डिसेंबर

बाई, तुम्ही गेल्यापासून तुमच्याशी मनातसुद्धा बोललो नाही, याबद्दल माफ करा. आज एका शब्दापाशी अडलो आणि तुमचा इतिहासाचा तास आठवला. परवा इथल्या कॉलेजात मला पूर्व तिबेटच्या खाम्पा आणि गोलोक लोकांवर बोलायचं आहे. कधी ल्हासाच्या सरकारविरुद्ध, कधी चिनी सत्तेविरुद्ध ते पुन्हापुन्हा उठले. टिपणाचा मथळा मी सहज लिहून गेलो, 'तिबेटी टोळ्यांचे बंड'. आणि दौंडची शाळा समोर आली. मी फळ्यावर 'रामोशांचे बंड' लिहितोय, तुम्ही हातातला खडू काढून घेता. एरवी शुद्ध बोलायचात, रागावलात की गावाकडचं यायचं. "बंड कोण म्हणतं? ज्याच्यावर उठले तो! तू काय कंपनी सरकारचा कारकून हाईस व्हय रं?" सगळा वर्ग हसला होता.

म्हणून 'बंड'चं 'उठाव' केलं. 'टोळ्या' मात्र तशाच राहिल्या. दौंडला दर हिवाळ्यात स्वेटर विकायला येणाऱ्या एका तिबेटी मावशींना मी भाषणाला बोलावलंय. त्यांचे आजोबा खाम्पा, चिन्यांशी लढलेले. काल दौंडला त्यांच्या दुकानात जाऊन त्यांना मथळा वाचून दाखवला.

"टोळी?" त्या म्हणाल्या. "वो पेपरमध्ये येतं ना, दरोडेखोरांची टोळी पकडली?"

मी वरमलो. 'जमात' म्हणावं, तर आपल्याकडे त्याच्याआधी 'गुन्हेगार' लावणारं सरकार होऊन गेलेलं. शेवटी त्यांनाच विचारलं, तुमच्यात काय म्हणतात?

"त्सोवा. मतलब, एकत्र राहणारे आपले लोक."

"म्हणजे भावकी?"

"हां, वोच! आपसात भांडण, बाहेरचा आला की सगळे एक."

मग धीर करून म्हणालो, "मावशी, तुमचे लोक ल्हासाशी, म्हणजे तिबेटच्याच सरकारशीही लढले, तेही मी सांगणार आहे." वाटलं, आता या येत नाहीत. त्या खदखदून हसल्या. "सांगा की सर! आजोबा बोलायचा, ल्हासावाला टॅक्स मागतो, चीनवाला बी मागतो, आमी कुणालाच देत न्हाई. घाबरायचा फक्त आजीला."

'भावकी' तंतोतंत बसत नाही, हे कळतं मला. पण परवा पोरांना तिथूनच आत नेता येईल. हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून सांगतो. त्या 'ल्हासाचं नको' म्हणाल्या असत्या, तर मी ते गुपचूप गाळलं असतं.

उद्या: मावशींना फोन करून आजोबांच्या नावाचा नीट उच्चार विचारणे.