राणीचं तोंड

दहिसर, १२ जानेवारी

ती. वनमालाआत्यास शि. सा. न.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. वाट लागली गं! परवा सम्यकचे आईबाबा घाटकोपरहून आपल्या देवळात बाबांचं दशावतारी नाटक बघायला आले. आमचं लग्न जवळपास ठरलंच होतं. नाटकात राणी झालेले बाबा खेळ संपल्यावर लुगडं, तोंडाचा रंग तसाच ठेवून पुढे झाले आणि मोठ्या प्रेमाने म्हणाले की, तुम्ही परके कसले, तुमचा बुद्ध आमचा नववा अवतारच. सम्यकचे बाबा ताडकन उठले. बुद्ध कुणाचाही अवतार नाही, एवढंच बोलून निघाले. चहाही घेतला नाही.

तेव्हापासून त्यांचा फोन नाही. सम्यक धीर धर म्हणतो. मला घास उतरत नाही, ऑफिसात सारखी फोन बघते. बाबांना तर काय चुकलं तेच कळत नाही. मोठी बहीण ना तू, सांग त्यांना.

तुझीच,
प्रांजल

मालवण, १९ जानेवारी

चि. प्रांजलला अ. आ.

धोंडू पहिल्यापासून असाच, आधी बोलतो, मग डोकं खाजवतो. फोनवर ओरडून माझा घसा बसला. म्हटलं, पाहुण्याच्या बुद्धाला न विचारता आपल्या देव्हाऱ्यात बसवलंस, हा मान नव्हे. आता त्यांच्या विहारात जा आणि तोंड बंद ठेवून बस. हे त्याला जमलं तर मलाच नवल वाटेल!

तू मात्र जेव. उपाशी राहून फोन वाजत नाही.

सम्यकची माया आहेच, ती धरून राहा.
तुझी आत्या

दहिसर, २ फेब्रुवारी

ती. आत्यास शि. सा. न.

लग्न ठरलं. मे महिन्यात, विहारात. तरी रात्रभर डोळा लागला नाही.

काल पौर्णिमेला बाबांबरोबर विहारात गेले. वंदनेनंतर सम्यकच्या बाबांनी पेटीवर भीमगीतं गायली. बाबा मागे बसून मांडीवर ताल धरत होते. उठताना एवढंच म्हणाले की, चुकलो. सम्यकचे बाबा आम्हाला चहाला घरी घेऊन गेले, तिथेच लग्न ठरलं.

घरी सम्यकच्या आजी होत्या. त्यांच्या गावीही देवळात दशावतार व्हायचा. पण त्यांच्या वस्तीला आत घेत नसत. देवळाभोवतीच्या दगडी गडग्याबाहेर उभं राहून ऐकायचं. राणीचा आवाज यायचा, तोंड कधी दिसलं नाही, असं त्या सहज सांगून गेल्या. बाबा उठले आणि आजींच्या खुर्चीसमोर, शर्टपँटवरच, राणीचा विलाप म्हणू लागले. सम्यकच्या बाबांनी पेटी ओढली. आत्या, मी रडले गं.

संपल्यावर बाबा हात जोडून उभे राहिले. आजी म्हणाल्या की, झकास झालं, म्हणूनच आज त्या गडग्याचा जास्त राग येतोय.

लग्नाला आधीच ये, मला तू जवळ हवी आहेस.
प्रांजल